मारुतीदाजींची फाईल

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. कपाटावर पिशव्या साठतात तसे ते साठत जातात, आणि एक दिवस भलतंच काहीतरी शोधताना सगळे एकदम अंगावर येतात. माझं तसंच झालं. परवा आक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. "अरे, ह्यांच्या फाईलीतनं आमच्या लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स काढून ठेव."

मंगळवार पेठेत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. ती फाईल पहिल्यापासून दुकानातच असते. पाच मिनिटांचं काम! दुपारी एकला फाईल उघडली, आणि चारला चहावाल्यानं हाक मारली तेव्हा मी अजून तिसऱ्याच कागदावर होतो.

'ह्यांच्या' म्हणजे आमच्या दाजींच्या. दाजींचं खरं नाव मार्को. स्लोव्हेनिया देशातलं डोंगरातलं गाव. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात मशीन बसवायला सहा महिन्यांसाठी म्हणून आले. आक्का त्याच कारखान्यात, क्वालिटी खात्यात. मशीन सहा महिन्यांत बसलं, दाजी मात्र परत गेले नाहीत!

फाईल आहे दाजींच्या भारतीय नागरिकत्वाच्या अर्जाची. पण तिच्या प्रत्येक कागदाला वास येतो तो आमच्या आबांचा. आबा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. म्हणून तर तीन तास लागले.

* * *

घर मंगळवार पेठेत, घरामागं गोठा, गोठ्यात चार म्हशी. सकाळी म्हशी दूधकट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढायची आणि फेसासकट ग्लास हातात द्यायचा, हा आबांचा जन्माचा धंदा. बोलणं सगळं तालमीतलं. हळू बोलायचं म्हटलं की त्यांना खोकला यायचा.

आक्कानं घरात लग्नाचं सांगितलं तेव्हा आबांनी पहिला प्रश्न विचारला, "गाव कुठलं?"

"स्लोव्हेनिया."

"ते गगनबावड्याच्या अलीकडं का पलीकडं?"

"पलीकडं, आबा."

"मग लांब हाय. पोरगी लांब द्यायची न्हाय!"

"मी कुठं जात नाही. तेच हिकडं राहणार हायत."

आबांनी जरा विचार केला. "घरात जनावरं हायत का त्यांच्या?"

दाजींच्या घरी नऊ गाई होत्या. आक्कानं मोबाईलवर फोटो दाखवला. गोठ्यापुढं दाजी, मागं गाई. आबांनी मोबाईल लांब धरून एकेका गाईची कास निरखून बघितली. दाजींकडं बघितलंसुद्धा नाही. "जनावर चांगलं ठेवल्यात," म्हणाले, आणि लग्न ठरलं!

नावाचा प्रश्न त्यांनी जागच्या जागी मिटवला. "मार्को म्हंजे मारुतीच की!" त्या दिवसापासून आबांचे ते मारुतीराव, आणि सगळ्या गल्लीचे मारुतीदाजी.

* * *

लग्नानंतर दाजी आमच्या वरच्या खोलीत राहायला आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते गोठ्यात शिरले आणि त्यांनी शेणाच्या पाटीला हात घातला. गाईंच्या घरात वाढलेला माणूस, त्यांना त्यात काही वाटलं नाही. आबा असे ओरडले की समोरचे किराणा दुकानदार बाबूकाका तराजू टाकून पळत आले.

"मारुतीराव! ठेवा ती पाटी! जावयानं शेण काढल्यालं कुणी बघितलं, तर लोकं माझ्या तोंडात शेण घालतील!"

लगेच खुर्ची आली. दाजींना खुर्चीवर बसवलं. आईनं बदाम घातलेलं दूध आणून दिलं. मग आबा माझ्याकडं वळले. "ए गाढवा, बघतोस काय? उचल पाटी."

हा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला. जावई खुर्चीवर, मुलगा शेणात. धार काढायला दाजींनी कितीदा विचारलं असेल! आबांचं उत्तर ठरलेलं, "तुम्ही बसा, मारुतीराव."

एकदा मी पाटी घेऊन निघालो होतो, तर दाजी खुर्चीतनं म्हणाले, "भावा, तुझं नशीब चांगलं हाय." तोवर त्यांचं मराठी आमच्यासारखंच झालं होतं.

मी पाटी खाली ठेवली. "तुम्हाला अहो-जाहो, मला गाढव, आणि नशीब माझं चांगलं?"

"व्हय," दाजी म्हणाले. "गाढव घरातलं असतंय."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण दाजींच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

* * *

परदेशी जोडीदाराला नागरिकत्वाचा अर्ज करायचा तर आधी सात वर्षं इथं राहिलेलं असावं लागतं. तोवर मुदत संपत आली की व्हिसा वाढवायचा आणि नोंदणी करायची. मी दाजींना म्हटलं, "कशाला एवढी यातायात? परदेशी नवऱ्याला कायम राहायचं एक कार्ड मिळतं. मतदान तेवढं करता येत नाही, बाकी सगळं निवांत."

"ते कार्ड म्हंजे जन्मभर खुर्चीवर बसायचं," दाजी म्हणाले. "मला नको."

तर सात वर्षं झाल्यावर आम्ही फॉर्म भरायला बसलो. त्यात नागरिकत्व का पाहिजे ते लिहायचं होतं. ही बातमी कट्ट्यावर गेली आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात कारणांचा पाऊस पडला.

बाबूकाका म्हणाले, "हितलं पाणी मानवलं म्हणून लिव्हा."

दूध प्यायला येणारे एक रिटायर मास्तर म्हणाले, "देशसेवा घाला. साहेब लोकांना बरं वाटतं."

आई म्हणाली, "बायको सोडत न्हाय म्हणून लिव्हा. खरं तेच लिव्हावं!"

दाजींनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी येऊन मला एकच ओळ सांगितली. मी तिचं इंग्रजी करून टाइप केली. मूळ ओळ त्यांच्याच अक्षरात फाईलीत अजून आहे. वाकडंतिकडं देवनागरी, पण वाचता येतं: "माझं पाव्हणा म्हणून राहून झालं."

* * *

अर्जाला दाजींच्या आईवडिलांचे कागद लागत होते. त्यांचे वडील नव्हते, आई होती. दुकानातनंच व्हिडिओ कॉल लावला. आमच्या आईनं हट्टानं मोबाईल घरी नेला, गोठ्यात. "विहीणबाईंना म्हशी दावायच्यात." त्या बाईंनीही तिकडं आपला मोबाईल गोठ्यात नेला. दोघींना एकमेकींची भाषा शून्य. दाजी मधे दुभाषी म्हणून उभे होते, तेवढ्यात आक्कानं त्यांना हाक मारली. ते अर्ध्या तासानं परत आले, तरी या दोघी बोलतच होत्या!

"काय बोललासा एवढं?" दाजींनी आईला विचारलं.

"त्यांची तांबडी गाय धारंला लाथ मारती. आनि त्यांना आपली वाकड्या शिंगाची आवडली."

दाजींचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतःच्या आईला तिच्या भाषेत विचारलं. उत्तर ऐकून ते माझ्याकडं बघायला लागले. तिनं अक्षर न अक्षर तेच सांगितलं होतं.

पुढं महिन्याभरानं कागदांचं पार्सल आलं. कागदांबरोबर गाईच्या गळ्यातली एक पितळी घंटा होती. आबांनी ती वाकड्या शिंगाच्या म्हशीच्या गळ्यात बांधली. कट्ट्यावर कोणी विचारलं की सांगायचे, "विहीणबाईंचा अहेर हाय."

* * *

आता फाईलीतला सगळ्यात वाईट कागद. खरं म्हणजे तो आमच्या गल्लीनंच तयार केला.

आमच्या गल्लीची एक जुनी शिस्त आहे. पोलीस कोणाचंही नाव विचारत आला की आधी 'न्हाय' म्हणायचं, कशासाठी आला होता ते मग शोधायचं. ही शिस्त कोणी कोणाला शिकवत नाही, ती अंगातच असते.

अर्ज गेल्यावर आठ महिन्यांनी चौकशीला एक हवालदार आले. दाजी आणि आक्का कागलला कामावर, मी कागदाची रिमं आणायला बाजारात. हवालदारांनी आधी बाबूकाकांना गाठलं. "ह्या गल्लीत कोण परदेशी राहतंय का?"

"परदेशी? हितं? न्हाय बा."

मग आमच्या दारात. आई म्हणाली, "परदेशी कुठला हो! घरात आम्ही दोघं, पोरगी, जावई आनि एक पोरगा."

आई खोटं बोलली नव्हती. तिला प्रश्न वेगळा आणि जावई वेगळा वाटला, एवढंच.

मग हवालदार गोठ्यात गेले. आबांना एकदम वाटलं, हा मारुतीरावांना न्यायला आलाय, उचलून विमानात बसवणार. ते उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पावणं, माझा जन्म ह्या गल्लीत गेला. हितं परदेशी कोण न्हाय! सगळी घरची हायत."

वर हवालदारांना फेसाचं दूध पाजलं. त्यांनी ओठ पुसले, काहीतरी लिहून घेतलं आणि गेले.

संध्याकाळी जेवताना आबांनी छाती पुढं काढून सांगितलं, "मारुतीराव, आज तुम्हाला वाचिवलं बघा!"

सगळं ऐकून झाल्यावर दाजींच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. आक्का ताटावरनं उठली. आबांना कळेना, एवढं चांगलं काम केलं तर घर गप्प का झालं!

* * *

पत्र आलं. 'दिलेल्या पत्त्यावर अर्जदार परदेशी नागरिक राहत असल्याचे आढळून आले नाही.' नागरिकत्व राहिलं बाजूला. माणूस पत्त्यावर राहतच नाही म्हटल्यावर त्याची राहायची मुदत तरी कशी वाढवणार? ती संपायला तीन महिने होते. नाही वाढली तर दाजींना परत जावं लागणार होतं. मी हे आबांना समजावून सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते हळू आवाजात बोलले. "म्हंजे, मीच घालवलं व्हय त्यांना?"

दुसऱ्या दिवशी डोक्याला धुतलेला पटका बांधून ते माझ्या स्कूटरवर मागं बसले. पत्र आलं होतं त्या कचेरीत एक मॅडम होत्या. आबांनी त्यांच्या टेबलासमोर उभं राहून दोन्ही हात पुढं केले, बेड्या घाला म्हणून!

"मी खोटं बोललोय. मला आत टाका, पर जावयाला परत धाडू नगा."

अख्खी कचेरी वळून बघायला लागली. मॅडमनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. सगळी हकिगत ऐकून विचारलं, "पण आजोबा, तुम्ही नाही का म्हणालात?"

"मॅडम, त्यांनी इचारलं, परदेशी कोण हाय का. माझ्या डोळ्याम्होरं कोण आलंच न्हाय!"

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग फेरचौकशीसाठी अर्ज कसा लिहायचा ते स्वतः सांगितलं. तोवर मुदतीचंही बघू म्हणाल्या. आम्ही त्यांना नमस्कार करून निघालो. त्यानंतर कितीतरी दिवस, कट्ट्यावर कोणी फाईलीचं विचारलं की ते म्हशीलाच उगाच दरडावायचे.

* * *

फेरचौकशी येणार हे कळलं, पण कधी ते कळलं नाही. गल्लीनं बैठक घेतली. झाली चूक धुऊन काढायची, आणि यावेळी काही कमी पडू द्यायचं नाही! मला काही न सांगता बाबूकाकांनी फ्लेक्स छापून आणला. गल्लीच्या तोंडाशी, दहा फूट. दिवाळी पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून मिरवतात, त्या मिरवणुकीतला दाजींचा फोटो. डोक्याला फेटा, डोळ्याला गॉगल, शेजारी घंटा बांधलेली म्हैस. खाली मजकूर:

'परदेशी नागरिक मा. मारुतीदाजी (स्लोव्हेनिया) येथे राहतात. चौकशीस येणाऱ्या साहेबांचे सहर्ष स्वागत! शुभेच्छुक: समस्त गल्ली.' आणि आमच्या दाराकडं बाण!

आक्कानं डोक्याला हात लावला. ती म्हणाली काढा, गल्ली म्हणाली मुळीच नाही. चार दिवसांनी तेच हवालदार आले. फ्लेक्सखाली बराच वेळ उभे राहिले.

"गेल्या खेपेला न्हाय म्हणालासा," ते बाबूकाकांना म्हणाले, "आनि आता बोर्डच लावलासा? पर ह्यात परदेशी कुठला? मला तर सगळी हितलीच दिसाय लागल्यात!"

त्या दिवशी रविवार होता. दाजी घरात होते. समोर आले, कागद दाखवले. हवालदारांनी सगळ्यांचे जबाब घेतले. आईनं सांगितलं, बाबूकाकांनी सांगितलं, मास्तरांनी तर विचारलं नव्हतं तेही सांगितलं. शेवटी आबांची पाळी आली.

"हे मार्को. हे परदेशी हायत, आनि तुमच्या घरात राहत्यात. बरोबर?"

आबा दाजींकडं बघत राहिले. साधं 'व्हय' म्हणायचं होतं, पण ते तोंडातनं निघेना. आई कोपरानं ढोसत होती. आक्काच्या डोळ्यांत पाणी. दाजीच शेवटी म्हणाले, "म्हणा आबा. व्हय म्हणा."

"व्हय," आबा म्हणाले. "परदेशी हाय."

सही केली आणि ते गोठ्यात निघून गेले. त्या दिवशी त्यांनी हवालदारांना दूधही विचारलं नाही. ते मलाच आणून द्यावं लागलं.

* * *

पुढं दोन वर्षं गेली. अर्ज मंजूर होणार असं पत्र आलं, पण त्याआधी जुनं नागरिकत्व सोडायचं होतं. पासपोर्ट परत पाठवायचा. दाजी म्हणाले, "भावा, गगनबावड्याला जाऊया का?"

गाडीवरनं गेलो. घाटाच्या तोंडाशी इतकं धुकं की समोरचा रस्ता दिसेना. दाजी कठड्यावर बसले आणि खिशातनं पासपोर्ट काढला. "आमच्या घरामागं असाच डोंगर हाय," म्हणाले. "आता तिकडं जायला बी व्हिसा काढाय लागणार. आई म्हणाली, ये, पाव्हणा म्हणून तर पाव्हणा म्हणून ये."

मी विचारलं, "वाईट वाटतंय?"

"वाटतंय की." पासपोर्ट परत खिशात ठेवत ते म्हणाले, "पर मला सांग, हितल्या समद्या बायका म्हायेर सोडून येत्यात. त्यांची फाईल बी कोण करत न्हाय."

मी आक्काचा विचार केला नाही, ती तर माहेरीच राहिली. मी आईचा विचार केला. तिचं माहेर याच घाटाखाली, आणि तिला तिकडं जाऊन किती वर्षं झाली हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. परत येताना आम्ही वाटेत चहा घेतला, आणि दुसऱ्या दिवशी पासपोर्ट रजिस्टरनं पाठवला. त्याची पावती फाईलीत आहे.

* * *

फाईलीतला शेवटचा कागद म्हणजे नागरिकत्वाच्या दाखल्याची झेरॉक्स. मूळ आक्काच्या कपाटात.

त्या दिवशी दाजी नवा पांढरा शर्ट घालून गेले, दाखला घेऊन आले. दारात आईनं ओवाळलं. बाबूकाकांनी पेढे वाटले. मास्तरांनी दोन शब्द बोलतो म्हणून बावीस मिनिटं घेतली. सगळी गल्ली गोळा झाली होती, फक्त आबा नव्हते. कंबरेच्या दुखण्यानं तेव्हा ते फारसे हिंडत नसत. गोठ्यात लाकडी स्टुलावर बसून होते.

दाजी तसेच गोठ्यात गेले. मागनं मी. त्यांनी दाखला आबांच्या हातात दिला. आबांनी तो लांब धरला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मला विचारलं, "शिक्का हाय का?"

"हाय, आबा."

"सरकारचाच न्हवं?"

"सरकारचाच."

"म्हंजे आता हेला कोण न्यायला येनार न्हाय?"

"कोण येत नाही."

त्यांनी दाखला माझ्याकडं दिला. "आत नेऊन ठेव. शेण उडंल."

मी निघालो, पण दारातच थांबलो. आबांनी दाजींकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. नवा शर्ट, कपाळावर कुंकू. मग काठीनं शेणाची पाटी त्यांच्या पायांकडं ढकलली.

"मारुत्या, गाढवा, हुबा काय ऱ्हायलास? उचल की पाटी!"

शर्टाच्या बाह्या मागं सारायचंही दाजींना सुचलं नाही, त्यांनी तशीच पाटी उचलली.